खानावळीत जेवताना संगीत : जून ते सप्टेंबरच्या नोंदी

बेळगावात खानापूर रोडच्या आतल्या अंगाला आमची खानावळ आहे. सासूबाईंनी सुरू केली, गेली सोळा वर्षं मी बघते. सात टेबलं, अठ्ठावीस माणसांची बसायची सोय, खाली शहाबादी फरशी, वर पत्रा. दुपारी उद्यमबागेतल्या फौंड्र्यांतली आणि वर्कशॉपमधली माणसं येतात, रात्री खोल्या घेऊन राहणारी कॉलेजची पोरं. दुपारची १७० च्या आसपास ताटं, रात्रीची ७०. निम्मं गिऱ्हाईक मराठी, निम्मं कन्नड, बरेचजण दोन्ही बोलणारे. भाकरी, चपाती, भात, आमटी पोटभर.

जेवताना लावायचं संगीत बदललं तर माणसं कशी जेवतात, हे साडेतीन महिने बघितलं. कुणाला आपल्या मेसमध्ये किंवा हॉस्टेलात हे करायचं असेल तर आमचे वाया गेलेले दिवस आणि पैसे त्यांचे तरी वाचावेत, म्हणून सगळं लिहून ठेवते.

२ जून २०२५

सुरुवात शनिवारी झाली. फौंड्रीतला एक पोरगा जेवता जेवता ठसक्याने लाल झाला. भाकरीचा तुकडा अडकला होता. शेजारच्याने पाठीत बुक्के घातले तेव्हा बाहेर आला. त्याचं ताट वाढून आठ मिनिटं झाली होती आणि तिसरी भाकरी चालू होती. गल्ल्याच्या वर टांगलेल्या स्पीकरच्या डब्यातून सिनेमाची गाणी मोठ्याने वाजत होती. माझे हातपाय थरथरत होते आणि वर ते ढोल.

गर्दी ओसरल्यावर पाच नंबरच्या टेबलावर बसून मी स्वतः जेवले. घास तोंडात असतानाच हात पुढच्या घासाकडे जात होता. गाणी बंद करायला सांगितली आणि मग कळलं की आमटीत आज मेथी जास्त पडली होती. सोळा वर्षांत मी माझ्याच खानावळीत गिऱ्हाइकाच्या जागी बसून जेवले नव्हते.

५ जून

भाचा इंजिनिअरिंगला आहे, बासरी वाजवतो. त्याने जुने अभ्यास शोधून वाचून दाखवले. १९८५ साली अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठात जेवणाऱ्यांचे घास मोजले होते. जलद संगीताला मिनिटाला सरासरी ४.४० घास, संथ संगीताला ३.८३. १९८६ चा मिलिमन नावाच्या संशोधकाचा अभ्यास एका रेस्टॉरंटमधला. संथ संगीत असताना माणसं टेबलावर ५६ मिनिटं बसली, जलद असताना ४५. जेवणाचं बिल जवळपास तेवढंच राहिलं, पण संथ संगीतात दारूचं बिल वाढलं.

आमच्याकडे माणूस बारा मिनिटांत उठतो आणि दारू नाही. माणूस जास्त वेळ बसला तर आमच्याकडे बिल वाढत नाही, भाकरी वाढते. हे आधीच लक्षात आलं हे बरं झालं.

त्या रेस्टॉरंटात मिनिटाला ७२ ठोके किंवा कमी म्हणजे संथ आणि ९२ किंवा जास्त म्हणजे जलद धरलं होतं. भाच्याच्या भाषेत मिनिटाला तितक्या मात्रा. तेच माप घ्यायचं ठरवलं.

९ जून

मोजण्याची पहिली पद्धत पूर्ण फसली. वाढणाऱ्या पोराला घड्याळ आणि वही देऊन उभं केलं. दुसऱ्याच दिवशी एक जुनं गिऱ्हाईक हात थांबवून मला म्हणालं, "काय वो काकू, आता टायमावर पैसे लावूलालासा काय?" सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. कुणी आपल्याकडे बघत वहीत लिहितंय हे कळलं की माणूस नेहमीसारखा जेवत नाही. चार दिवसांचे आकडे फाडून टाकले.

नवी पद्धत: गल्ल्यावर टोकन देताना मी वेळ लिहिते, हात धुवायच्या बेसिनशेजारी टोकन टाकायचा डबा आहे तिथली मावशी वेळ लिहिते. टोकन आम्ही पूर्वीही घ्यायचो, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. फक्त एकटं जेवणाऱ्यांची टोकनं धरायची. चौघं गप्पा मारत बसले तर तो संगीताचा परिणाम नव्हे.

ताटात टाकलेलं अन्न बादलीत गोळा करून काट्यावर ठेवायचं. इथेही एक चूक: शेवग्याच्या शेंगांची आमटी होती त्या दिवशी बादली दोन किलोने वाढली. चघळलेल्या शेंगांचा चोथा होता सगळा. आता शेंगा, कढीपत्ता, मिरचीचे देठ वेगळ्या डब्यात. मावशी कुरकुरल्या, पण करतात.

नव्या पद्धतीने पुढच्या पाच दिवसांचे आकडे असे: जुनी मोठी गाणी, दुपारी एकट्या माणसाला सरासरी १२ मिनिटं, १७० ताटांमागे ९ ते १० किलो टाकलेलं अन्न.

१३ जून

एका डब्याच्या आवाजात गल्ल्याजवळचा माणूस बहिरा होतो आणि कोपऱ्यातल्याला नुसती धडधड ऐकू येते. म्हणून छताला सहा इंची चार स्पीकर लावले (३,४०० रुपये) आणि जुना ॲम्प्लिफायर घेतला (३,२००). वायरिंग आम्ही घरीच केलं. चारही स्पीकरच्या तारा एकत्र करून ॲम्प्लिफायरला दिल्या. वीस मिनिटांत तो तापून बंद. थंड झाल्यावर चालू, परत बंद. दोन दिवस आम्ही ॲम्प्लिफायरला दोष देत बसलो.

चूक आमची होती. प्रत्येक स्पीकर ८ ओहमचा. चार समांतर जोडले की एकूण २ ओहम होतात, आणि ॲम्प्लिफायरवर स्पष्ट लिहिलं होतं की ४ च्या खाली जाऊ नका. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने (५०० रुपये) दोन-दोनच्या जोड्या एकापुढे एक जोडल्या आणि त्या दोन जोड्या समांतर केल्या. एकूण ८ ओहम. वायर पुन्हा आणावी लागली, सगळी मिळून ७०० ची. तेव्हापासून तापला नाही.

एक गोष्ट आधी विचारायला हवी होती. चौथा स्पीकर आम्ही स्वयंपाकघराच्या दारावर लावला. त्याचं पुढे येईलच.

१७ जून

धंद्याच्या जागी दुसऱ्याची गाणी वाजवायची तर परवाना लागतो, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. गीत आणि चाल यांच्यासाठी वेगळी परवानगी, ध्वनिमुद्रणासाठी वेगळी. मोबाइलवर पैसे भरून ऐकतो ते घरात ऐकण्यापुरतं. ज्यांनी गाणं केलं त्यांचे कष्ट आहेत, मी फुकट वाजवू नये.

राग मात्र कुणाच्या मालकीचा नाही. भाच्याने स्वतः वाजवायचं, त्याच्या मित्राने तबल्यावर ठेका धरायचा, आणि ते मुद्रण आमचं. तसंच पुढे केलं. दोघांना मिळून ५,००० दिले. पोरं नको म्हणत होती, पण कामाचे पैसे द्यायचे.

२२ जून

मुद्रणाला दोन दिवस लागले. माइक भाड्याने, ८००. पहिला दिवस वाया गेला, कारण शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या बासरीपेक्षा स्पष्ट आल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला सुरू केलं, खोलीत चारी बाजूंनी गाद्या उभ्या करून. दुपारसाठी वृंदावनी सारंग, रात्रीसाठी यमन. प्रत्येक राग तीन लयींत: मिनिटाला ६०, ८० आणि १०८ मात्रा. राग तोच, वाद्य तेच, माणूस तोच. बदलते ती फक्त लय. प्रत्येक तुकडा ४० मिनिटांचा.

हा भाग मनापासून सांगते: कुमार गंधर्वांचा जन्म आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचा, १९२४ चा. त्या मातीतली दोन पोरं पहाटे पाचला माझ्या खानावळीसाठी सारंग वाजवत बसलेली बघून मला भरून आलं.

३० जून : संथ लयीचा आठवडा

आवाज मोबाइलवरच्या ॲपने मोजते. आकडा अगदी खरा नसेल, पण तोच मोबाइल त्याच टेबलावर ठेवला की फरक कळतो. रिकाम्या हॉलमध्ये संगीताचा आवाज ६० डेसिबलच्या आसपास ठेवला.

सरासरी १२ वरून १६ मिनिटांवर गेली. मला आनंद झाला तो मंगळवारी दुपारी एकपर्यंतच. पाऊण ते पावणेदोन या तासात शंभर माणसं येतात. बारा मिनिटं जेवण आणि तीन मिनिटं टेबल पुसणं, म्हणजे एक जागा तासात चार वेळा रिकामी होते, ११२ माणसं जेवतात. सोळा आणि तीन धरले की तीनच्या थोडं वर फेऱ्या, ८८ माणसं. उरलेली बारा पावसात पायरीवर. अर्ध्या तासाची सुट्टी असलेला माणूस दहा मिनिटं बाहेर भिजला, तर आत आल्यावर पूर्वीपेक्षाही जास्त घाईने गिळतो. बुधवारी तिघे परत गेले. त्यातला एक महिन्याच्या कार्डाचा होता, म्हणजे त्याने पैसे भरूनही तो उपाशी कामावर गेला. हे मला फार लागलं.

पीठही वाढलं. आठवड्यात जोंधळ्याचं पीठ नेहमीपेक्षा आठ किलो जास्त लागलं. माणूस बसून राहिला की अर्धी भाकरी आणखी घेतोच. ते त्याने खावं, खानावळीत पोटभरच जेवायचं असतं. पण ताटाचा भाव त्या हिशोबाने लावलेला नव्हता.

बादली मात्र ७ किलोवर आली.

५ जुलै : शब्द असलेलं गाणं

एकादशी तोंडावर होती म्हणून गुरुवारी भाच्याच्या गुरुजींनी गायलेला अभंग लावला, शुक्रवारी पुरंदरदासांचं पद. एका भाषेचं आज, दुसरीचं उद्या. आम्ही राहतो तिथे असं तोलूनच करावं लागतं. गुरुवारी एकाने विचारलंच, "अक्का, नम्दू याव्हाग?" म्हणजे आमचं कधी. उद्या म्हटल्यावर तो हसला.

दोन्ही दिवशी झालं तेच. लोक जेवायचे थांबले. दोन नंबरच्या टेबलावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका येतात, मराठी माणूस. त्यांचा हात आमटीत भिजवलेल्या घासावर तसाच, बोटांवरून आमटी मनगटाकडे ओघळतेय आणि ते डोळे मिटून कन्नड पदाची ओळ पुटपुटताहेत. पुरंदरदासांच्या पदाच्या शेवटी विठ्ठलाचं नाव येतं, तिथे त्यांनी मान डोलावली. समोर बसलेला फौंड्रीतला कन्नड माणूस काल अभंगाला असाच डोलत होता. ते बघायला फार छान वाटलं. पण भाकऱ्या वाळल्या, आमटी निवली, वेळ १८ मिनिटांवर गेली.

शब्द आले की माणूस ऐकतो, आणि ऐकायला लागला की जेवण मागे पडतं. दुपारच्या घाईत तर नकोच. शब्द असलेलं आता फक्त सकाळी, भाज्या निवडताना, आमच्यासाठी.

१४ जुलै : जलद लयीचा आठवडा

गर्दीच्या तासाला तरी १०८ मात्रांची लय कामाची ठरेल असं वाटलं होतं. सरासरी साडेदहा मिनिटांवर आली, रांग संपली. आणि बादली १२ किलो.

कारण कळायला तीन दिवस गेले. मी जेवणाऱ्यांकडे बघत होते, बघायला हवं होतं वाढणाऱ्यांकडे. दोघं पोरं ठेक्यावर चालायला लागली होती. पूर्वी एक भाकरी वाढून पुढे जायचे, आता न विचारता दोन टाकत होते. भात मागितला की पळीभर न देता दोन पळ्या, कारण परत यायला नको. गिऱ्हाईक नको म्हणेपर्यंत पोरगा पुढच्या ताटावर. घाई आधी वाढणाऱ्याला चढते, मग जेवणाऱ्याला. त्या अभ्यासांतलं काहीही वाचून मला हे सुचलं नसतं.

बुधवारी पोरांना बसवून सांगितलं: विचारल्याशिवाय दुसरी भाकरी नाही. दोन दिवसांत बादली ९ वर आली, लय तीच असताना. पण शुक्रवारी पुन्हा एकाला ठसका लागला. साधाच होता, पाण्याने गेला. तरी जलद मुद्रण मी त्याच संध्याकाळी बंद केलं ते कायमचं.

२४ जुलै

आठवडाभर बेळगावचा पाऊस. पत्र्यावर सर आली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मी मूर्खासारखी आवाज वाढवत गेले. संगीत वाढलं तसे लोक मोठ्याने बोलायला लागले, ते मोठ्याने बोलतात म्हणून संगीत ऐकू येईना, म्हणून मी आणखी वाढवलं. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात असं भाचा म्हणाला. गुरुवारी दुपारी एक वाजता ॲपवर ८८.

त्याच आठवड्यात टेबलांवरच्या मिठाच्या वाट्या रोज भराव्या लागल्या. एरवी दोन-तीन दिवस पुरतात. स्वयंपाकाच्या मावशी मीठ वाटीने मोजून घालतात, त्यांनी काही बदललं नव्हतं. २०११ साली एका प्रयोगात मोठ्या आवाजात जेवणाऱ्यांना खारट आणि गोड दोन्ही चवी कमी लागल्या होत्या. आमच्या मिठाच्या वाट्यांचं कारण तेच आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही, पावसात माणसाला चटपटीतही हवं असतं. पण इतक्या मीठ-मागण्या पूर्वीच्या पावसाळ्यात नव्हत्या.

निर्णय: मोठी सर आली की संगीत बंद. आवाजाशी आवाजाने झगडायचं नाही. पावसाचे सगळे दिवस आकड्यांतून काढले. म्हणजे जुलैतले नऊ दिवस गेले.

२ ऑगस्ट

आवाज शोषून घ्यायला भिंतींना गोणपाट लावलं होतं, ६४० रुपयांचं. नऊ दिवसांत त्याला बुरशीचा वास मारायला लागला. फोडणीचा धूर आणि ओल दोन्ही त्यात मुरलं. जेवायच्या जागी असला वास म्हणजे सगळ्यावर पाणी. काढून जाळून टाकलं. पावसाच्या गावात कापड, गोणपाट, घोंगडी भिंतीला लावू नका.

मग संगीत बंद ठेवून नुसतं ऐकत बसले. आवाज येतो कुठून? माणसांच्या बोलण्याचा कमीच होता. खरकटी ताटं पत्र्याच्या घमेल्यात टाकतात त्याचा खणखणाट, बाकं फरशीवर ओढतात त्याचा किरकिराट, आणि पळी पातेल्याच्या काठावर आपटून झटकतात तो.

तिन्हीवर उपाय एका दुपारी झाले. घमेल्याच्या जागी प्लॅस्टिकचा टब आणि त्याच्या तळाशी रबरी चटई, १,१५० रुपये. खडेबाजारातून बाकं आणि टेबलांच्या पायांना रबरी बूट आणले, ८४ नग, सात रुपयांप्रमाणे ५८८. पळी आपटायची नाही, हे सांगायला पैसे लागले नाहीत पण रोज सांगावं लागतं.

त्याच जागी, त्याच वेळी, गर्दी तीच: ८४ वरून ७४. संगीत अजून बंदच होतं. दुसरं कुणी हे काम करणार असेल तर इथून सुरुवात करा, स्पीकर नंतर आणा. मी उलट केलं आणि दोन महिने घालवले.

११ ऑगस्ट

संगीताशिवाय, फक्त शांत हॉल. सरासरी १३ मिनिटं, बादली ७ किलो. श्रावण लागल्यामुळे सोमवारी आणि शनिवारी निम्मी माणसं उपासाची असतात, म्हणून ते दोन वार धरले नाहीत. मोजलेल्या चार दिवसांवर मोठा दावा करता येत नाही, पण चारही दिवस आकडे जवळजवळ सारखे आले.

एक अडचण अनपेक्षित. अगदी शांत झाल्यावर रात्री एकेकटी जेवणारी पोरं अवघडली. स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकू येतो म्हणाली एक मुलगी. तिने ताट अर्धवट टाकलं आणि मोबाइल काढला. शांतताही सगळ्यांना सोसत नाही. रात्री थोडं संगीत लागतंच.

१८ ऑगस्ट

संगीत पुन्हा सुरू झाल्यावर स्वयंपाकाच्या मावशींनी काल चिमटा आपटून सांगितलं, "वायनी, ते बंद करा बगू. निजले तरी डोक्यात तेच वाजतंय." गिऱ्हाईक तेरा मिनिटं ऐकतं, मावशी दिवसाला सहा तास तोच ४० मिनिटांचा तुकडा ऐकतात. मी एकदाही त्यांना विचारलं नव्हतं. त्यांची माफी मागितली.

दारावरचा चौथा स्पीकर काढला. तीन स्पीकर राहिले तर जोडणीचा हिशोब बिघडतो, म्हणून तो टाकून न देता हॉलच्या मागच्या कोपऱ्यात हलवला. पोरांकडून आणखी मुद्रण करून घेतलं, दुपारसाठी भीमपलास आणि रात्रीसाठी भूप (२,००० रुपये). आणि प्रत्येक तुकड्यानंतर वीस मिनिटं काहीच नाही.

२३ ऑगस्ट : आता चालू आहे ते

बारा ते पाऊण संथ. पाऊण ते पावणेदोन काहीच नाही, नुसता शांत हॉल. पावणेदोननंतर ८० मात्रांची लय. रात्री पूर्ण वेळ संथ, वीस मिनिटांच्या विश्रांतीसह. आवाज असा की समोरच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता यावं. ॲपचा आकडा बघायची गरज पडत नाही.

गर्दीच्या तासाला संगीत नको, हे मान्य करायला मला जड गेलं, कारण सगळा खटाटोप त्यासाठीच सुरू केला होता. पण त्या तासाला माणसाला लय नको असते. जागा लवकर मिळायला हवी असते, आणि बसल्यावर कुणी अंगावर येऊ नये असं वाटतं. टब आणि रबरी बुटांनी ते झालं.

बादली दुपारी ६ किलोच्या आत. गर्दीच्या तासात १३ मिनिटं, बाकी वेळी १५ ते १६. पायरीवर सात-आठ माणसं थांबतात, म्हणून तिथे एक बाक आणि वर ताडपत्री टाकली. पीठ जास्त लागतं ते लागतं. ताटाचा भाव पाच रुपयांनी वाढवला आणि का वाढवला ते फळ्यावर लिहिलं. कुणी वाद घातला नाही.

कानात इअरफोनची बोंडं घालून जेवणाऱ्या पोरांवर काहीही परिणाम नाही. रात्रीच्या सत्तरातली वीसेक असतील. त्यांच्यासाठी मी काही करू शकले नाही. फक्त वाढताना खांद्याला हात लावून विचारायचं, असं पोरांना सांगितलंय.

२७ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर

गणपती. गल्लीच्या तोंडाशी मंडप, दिवसभर आरत्या आणि ढोल. नोंदी बंद ठेवल्या. रोज शेवटच्या पंगतीला मोदक वाढले.

१५ सप्टेंबर : खर्च

ॲम्प्लिफायर ३,२००. स्पीकर ३,४००. वायर ७००. इलेक्ट्रिशियन ५००. माइक ८००. वाजवणाऱ्यांना दोन वेळचे ७,०००. टब आणि चटई १,१५०. रबरी बूट ५८८. जळालेलं गोणपाट ६४०. एकूण १७,९७८ रुपये. यातल्या १,७३८ रुपयांनी सगळ्यात जास्त फरक पडला, तो टब, चटई आणि बुटांनी. पायरीवरचं बाक घरचंच होतं, ताडपत्रीही.

वेळेचा हिशोब: मोजणी चुकली त्यात चार दिवस, ॲम्प्लिफायरमध्ये दोन, पावसात नऊ, गोणपाटात नऊ, गणपतीत बारा.

२० सप्टेंबर

ॲम्प्लिफायरच्या बटणाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. त्याच्या पुढे फिरवायचं नाही, हे नव्या पोराला मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही सांगितलं.

जूनमध्ये ठसका लागलेला पोरगा अजून रोज येतो, आता दोनला, गर्दी सरल्यावर. आज त्याचं टोकन बघितलं, १७ मिनिटं. ताट पुसून घेतल्यासारखं स्वच्छ होतं. उठताना त्याने विचारलं, ही बासरी कोण वाजवतं, त्याच्या बहिणीला शिकायची आहे. भाच्याचा नंबर दिला.